शब्दकोशातली तांबडी मेंढी

आधी तक्रार. देवाचं नाव, माझं नाव आणि माझं डोकं ठिकाणावर असल्याची ग्वाही मागून येईल. त्या गोष्टींना घाई नाही, तक्रारीला आहे.

तिकडे समुद्रापलीकडे दक्षिणेत काही शिकलेली माणसं बोलीतल्या शब्दांचा जाडजूड कोश करतात. त्यात त्यांनी आमच्याकडचं एक क्रियापद छापलं आहे: रुवणं. मेंढीला कात्री न लावता, लोकर आपणहून सुटली की ती हातानं काढून घ्यायची, याला आम्ही रुवणं म्हणतो. छापलं ते छापलं, माझी हरकत नव्हती. पण अर्थाखाली उदाहरण म्हणून त्यांनी एक वाक्य दिलं आहे. "शेजारणीनं माझी मेंढी रुवली आणि लोकर ठेवून घेतली." पुढे बेटाचं नाव: येल, शेटलंड.

ती शेजारीण म्हणजे मी. नाव छापलेलं नाही. या बेटावर त्याची गरजही नाही. तो खंड शाळेच्या फळीवर आहे, ओलीनं त्याची निम्मी पानं चिकटली आहेत, आणि हे पान मात्र हात लावला की उघडतं.

आता त्याच लोकांचं पत्र आलं आहे. कोश सुधारून काढायचा आहे म्हणे. त्यांचे चार प्रश्न आहेत. शब्द लिहिता कसा? अर्थ काय? आला कुठून? आणि अजून कोणी वापरतं का? वापरत असल्यास या वर्षातलं एक खरं वाक्य पाठवा, जुन्याच्या जागी ते छापू. नोव्हेंबरअखेर उत्तर आलं नाही, तर शब्द मेला असं धरून त्याच्यापुढे फुली मारण्यात येईल.

म्हणजे शब्द मेलेला, आणि त्याच्या थडग्यावर माझी चोरी तेवढी कोरलेली. हे मला मान्य नाही. मृत्युपत्र करायचं मनात होतंच, ते या पत्रामुळे आज होत आहे.

तर मी, आन्द्रिना इंकस्टर, माहेरची लीस्क, दिवंगत रॅस्मी इंकस्टर यांची विधवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार स्टिवलासेटर, येल बेट, असं लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीत आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. माझं भान तपासायला नर्स विल्मा रॅटर हिनं मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, शिवाय तिचा आजा कोणत्या वारी दारू पिऊन कुठल्या खड्ड्यात पडला होता तेही सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "पुरे, काकू, भान भरपूर आहे."

माझं शिक्षण अकराव्या वर्षापर्यंत, तेही पावसाळी दिवसांत. अक्षर वाईट आहे. ज्याला वाचता येणार नाही त्यानं समजावं की त्याच्यासाठी काही ठेवलेलं नाही.

कलम १. याआधी केलेली मृत्युपत्रं रद्द. अशी दोन आहेत. एक गिडियनच्या लग्नाच्या दिवशी केलेलं आणि एक त्याच्या मोटारीखाली माझी कोंबडी आली त्या दिवशी. दुसऱ्यात मी सगळं समुद्रात माणसं वाचवणाऱ्या बोटवाल्यांना दिलं होतं. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

कलम २. मला रॅस्मीशेजारी पुरावं, वाऱ्याच्या बाजूला. जिवंतपणी तो दर हिवाळ्यात देवमासे मारायला पृथ्वीच्या बुडाशी जायचा आणि वारा मी सोसायचे. आता सवय मोडायचं कारण नाही. पाद्रीबुवांनी बोलावं, पण शवपेटी खांद्यावर घेतलेल्या माणसांचे पाय दलदलीत रुतायच्या आत संपवावं. आलेल्यांना धुरावर सुकवलेल्या मटणाचं सूप द्यावं. ते आढ्याला टांगलेलं आहे, उजवीकडचं. डावीकडचं जुनं आहे, ते वकिलाला वाढावं.

कलम ३. किरकोळ वस्तू. देवमाशाचा दात, ज्यावर रॅस्मीनं माझं चित्र कोरलं आहे असं तो म्हणायचा, आणि जो बघून सगळे "सील छान आलाय" म्हणतात, तो माझा मुलगा गिडियन याला. दलदलीतलं जळण, म्हणजे पीट, कापायची फावडी गिडियनला, तो ती भिंतीला टांगणार हे माहीत असूनही. चरखा, विणायच्या सुया आणि विणताना सुई खोचायचा कमरेचा चामडी पट्टा नात सिनी हिला. रेडिओ मी नर्सला देणार होते, पण साक्षीदाराला काही देऊ नये असा नियम आहे म्हणतात. म्हणून रेडिओ गिडियनला, आणि गिडियननं तो त्याच दिवशी विल्माच्या गाडीत विसरावा.

कलम ४. घर, जमीन आणि मेंढ्या.

जमिनीवर आमचा पिढ्यांचा कुळहक्क आहे आणि कायद्यानं तो एकालाच देता येतो. गिडियन माझा एकुलता एक. चांगला मुलगा आहे. दर रविवारी फोन करतो आणि मी काय बोलते ते ऐकत असल्यासारखा आवाज काढतो. गेली आठ वर्षं तो तेलाच्या धक्क्यावर कामाला आहे, शहरात बंगला बांधला आहे, आणि जमीन आपल्याकडे येणार हे त्यानं धरून ठेवलं आहे. मागच्या महिन्यात येऊन तो खिडकीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "आई, इथून समुद्र काय दिसतो गं!"

मी म्हटलं, "पंचेचाळीस वर्षांत तुला आज दिसला?"

"तसं नाही. इथं पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या तर..."

"आणि मेंढ्या? त्या पाहुण्यांना चहा देतील?"

तो हसला. हसणं त्यानं बापाचं घेतलं आहे, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ रागावता येत नाही. पण मृत्युपत्र लिहायला फार वेळ लागत नाही.

घर, कुळहक्क, डोंगरावरच्या सामाईक रानातला आमचा वाटा, एकतीस मेंढ्या, एक एडका आणि आमची कानखूण, म्हणजे उजव्या कानाचं टोक छाटलेलं आणि डाव्या कानाला मागून एक खाच, हे सगळं मी गिडियनची मुलगी सिनी इंकस्टर हिला देते. ती तेवीस वर्षांची आहे, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते आणि दोन वर्षं माझ्याकडे राहते. जंगम मालमत्तेत मुलाला कायद्यानं वाटा मिळतो असं वकील म्हणाला. गिडियनला तो हवा असेल तर त्यानं चमच्यांपासून सुरुवात करावी.

सिनीनं मेंढ्यांना मशीन लावू नये. अशी अट घालता येत नाही असंही वकील म्हणाला. ठीक आहे, ही अट नाही. ही धमकी आहे.

सिनीच का, हे कलम सातमध्ये आहे. त्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक मला येते आणि एक मला जड जाते. येते ती आधी.

कलम ५. रुवणं हे क्रियापद. ते माझ्या मालकीचं नाही, तरी विचारलंच आहे तर उत्तर लिहून ठेवते.

लिहिता कसं? लिहीत नाही. शाळेत मास्तरीणबाई म्हणायच्या, जो शब्द पुस्तकात नाही तो शब्दच नाही, आणि तो तोंडातून निघाला की हातावर पट्टी बसायची. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलींचे तळवे जूनमध्ये लाल असायचे, कारण जूनमध्ये दुसरं बोलायला काही नसायचं. त्यामुळे लिहायची वेळ आली नाही. दुकानदार चोपडीत 'यू' अक्षर घालून लिहितो. गडग्यापलीकडची शेजारीण बाबी पॉटिंजर दोन 'ओ' काढते आणि दुसरा जरा मोठा काढते. मी आज पहिल्यांदा लिहीत आहे आणि अजून कोणी हातावर मारलेलं नाही. कोशवाल्यांनी दोन 'ओ' छापले आहेत, ते राहू द्यावेत.

अर्थ काय? जूनच्या शेवटाला मेंढीच्या अंगावर आतून नवी लोकर उगवायला लागते आणि जुनी वर ढकलली जाते. याला आम्ही लोकर सुटली म्हणतो. मग मेंढी आडवी करायची, तीन पाय बांधायचे, आणि मानेपासून बोटांच्या टोकांनी जुनी लोकर काढत यायची. नीट सुटली असेल तर शिजलेल्या मटणातून हाड निघावं तशी निघते. मेंढी रवंथ करत पडून राहते. आठवडाभर आधी हात घातला तर ती ओरडते आणि कातडीवर रक्ताचे ठिपके येतात. आठवडाभर उशीर केला तर निम्मी लोकर गडग्याच्या दगडांना आणि काटेरी तारेला. तो दिवस कोणता, ते दर मेंढीचं वेगळं. यातलं निम्मं काम वाट बघण्याचं आहे, आणि कोशात वाट बघण्याबद्दल एक अक्षर नाही. कात्रीनं काढलेल्या लोकरीला एक टोक कापलेलं असतं, ते टोचतं. रुवलेल्या लोकरीची शाल नुकत्याच जन्मलेल्या पोराच्या मानेलाही टोचत नाही.

आला कुठून? आइसलंडची एक मासेमारी बोट एकदा वादळात आमच्या खाडीत तीन दिवस थांबली होती. त्यातला एक दाढीवाला खलाशी दगडी कोंडवाड्याच्या भिंतीवर बसून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, विधवा आहे हे कळलं की काय. पण तो मेंढीकडे बघत होता. मग माझ्या हातांकडे बोट दाखवून म्हणाला, "रीया, रीया." आणि आपल्या आजीची उंची हातानं दाखवली. आजी पुष्कळ बुटकी होती. त्यांच्याकडे रुवण्याला रीया म्हणतात. म्हणजे शब्द समुद्रावरून आला, आमच्या आधी, चर्चच्या आधी, पट्टी मारणाऱ्या बाईंच्या तर फारच आधी. त्याला कोणी कागद विचारले नाहीत.

कलम ६. कबुली. हे कलम लिहिताना मी दोनदा उठून चूल बघितली. चूल ठीक होती.

आमच्या रॅस्मीचा आजा आणि पॉटिंजरांचा आजा एकाच आईचे दोन घरांत वाढलेले भाऊ. त्यांनी कळप वाटून घेतला तेव्हा कानखूण उलट करून घेतली. आमच्या मेंढीचं उजव्या कानाचं टोक छाटलेलं, त्यांच्या मेंढीचं डाव्या. खाच आमची डाव्या कानाला, त्यांची उजव्या. उजेडात मूलही ओळखेल.

१९३८ चा जुलै. दाट धुकं, स्वतःचा हात दिसत नव्हता. सगळ्या वस्तीच्या मेंढ्या कोंडवाड्यात आणलेल्या आणि बायका गुडघ्यांवर. माझ्या हाताखाली एक तांबडी मेंढी आली. धडपडत ती उलटी पडली, तोंड माझ्या गुडघ्यांकडे, त्यामुळे तिचा डावा कान माझ्या उजव्या हाताला लागला. बोटांनी सवयीनं टोक चाचपलं आणि सांगितलं, आपली. मी रुवायला लागले. अशी लोकर मी आयुष्यात हातात घेतली नव्हती. निम्मी निघाली तेव्हा तिनं मान वळवली, आणि कळलं की ही बाबीची.

इथपर्यंत चूक. अशी चूक आमच्या इथं कोणाचीही होते. त्याची रीतही आहे. अर्धी रुवलेली मेंढी सोडता येत नाही, एका बाजूनं उघडी पडलेली ती पहिल्या पावसात मरते. म्हणून ज्यानं सुरू केलं त्यानंच पुरं करायचं, लोकर भिंतीवर ठेवायची, वर दगड ठेवायचा आणि मालकिणीला हाक मारायची. मालकीण येते, शिव्या देते, लोकर घेऊन जाते.

मी मेंढी पुरी केली. भिंतीवर दगडही ठेवला. लोकर मात्र माझ्या पाठीवरच्या करंडीत गेली. ती आपोआप गेली असं मी शेहेचाळीस वर्षं म्हणत आले. आज लिहून देते की मी ती घातली, दोन्ही हातांनी, आणि वर माझी स्वतःची लोकर पसरली.

दुसऱ्या दिवशी बाबी विहिरीवर आली. तेव्हा आम्ही दोघी एका घागरीचं पाणी वाटून घेणाऱ्यातल्या.

"आन्द्रिना, माझी तांबडी रुवलीस का गं?"

"धुकं होतं, बाई."

"धुकं मलाही दिसलं. लोकर कुठाय?"

"वाऱ्यानं नेली असेल."

"धुक्यात वारा?" ती म्हणाली. "आणि वाऱ्याला पाठीवर करंडी असते वाटतं?"

तिनं तेवढ्यावर हसून लोकर मागितली असती तर मी दिली असती. किंवा नसती. ती हसली नाही. घागर उचलून गेली आणि त्यानंतर चर्चमध्ये गाण्याखेरीज तिचा आवाज मी जवळून ऐकला नाही.

त्या लोकरीची मी शाल विणली. अंगठीतून आरपार जाईल अशी. गिडियनला पोटात घेऊन विणली, आणि तो त्यातच बाप्तिस्म्याला गेला. पुढे सिनीही गेली. सगळे म्हणाले, अशी लोकर कुठून आणलीस? मी म्हणाले, देवानं दिली. देवानं हे ऐकलं असणार, तो माझ्याशी तेव्हापासून जरा जपूनच वागतो.

तेरा-चौदा वर्षांनी कोशवाल्यांचा एक वहीवाला आला. पातळ बूट घालून. माझ्या गुडघ्यांत मेंढी होती. त्यानं विचारलं, "बाई, याला तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, "काम म्हणतो. तुमच्याकडे असतं का?" त्यानं तेही लिहून घेतलं आणि गडग्यापलीकडे गेला. बाबीनं त्याला खुर्ची दिली, गरम बॅनक भाकरी दिली, वर मटण दिलं, आणि वाक्य दिलं. पुस्तक आल्यावर सुगीच्या जेवणात मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. हसून हसून एकाचा दात पडला. तो दात मी अजून विसरलेली नाही, आणि तो माणूसही. पण तो मेला आहे, म्हणून सोडून देते.

कलम ७. या वर्षी काय झालं.

जूनमध्ये माझं खुब्याचं हाड मोडलं आणि मला दवाखान्यात नेलं. परत आले तेव्हा जुलै संपत आला होता आणि गिडियन अंगणात विजेचं मशीन पुसत उभा होता.

"आई, एका दुपारी तीस! तू असतीस तर तीन आठवडे लागले असते."

"लोकर सुटली होती का?"

"मशीनला ते लागत नाही."

"मेंढ्यांना लागतं."

"मेंढ्यांनी काही तक्रार केली नाही गं."

"तुझ्याकडे कशाला करतील? तू रविवारी फोनवरसुद्धा ऐकत नाहीस."

म्हणजे या वर्षी येल बेटाच्या आमच्या कडेला एकही मेंढी रुवलेली नव्हती. पलीकडे बाबीनं आपल्या मेंढ्या चार वर्षांपूर्वीच विकल्या होत्या. कोशवाल्यांची फुली तशी चुकीची ठरली नसती.

पण तीस झाल्या होत्या, एकतीस नव्हे. ब्रॅनी नावाची म्हातारी मेंढी मशीनचा आवाज ऐकून डोंगरावर पळाली होती. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी ती आपणहून खाली आली, लोकर कुल्ल्यावरून लोंबत होती. मी खिडकीपाशी खुर्चीत. चुलीचा धूर होतो म्हणून खिडकी उघडी. सिनीनं कोणाला न विचारता तिला गडग्याच्या कोपऱ्यात धरलं, पाय बांधले आणि मूठ भरून ओढायला लागली. ब्रॅनी ओरडली. मी खिडकीतून ओरडणार होते. माझ्याआधी पलीकडून कोणी तरी ओरडलं.

"अगं ए! ती मेंढी आहे की तण?"

गडग्याला एक खिंडार आहे, गिडियनच्या बालपणापासूनचं. त्यातून आधी काठी आली, मग बाबी. ऐंशी वर्षांची. ती दगडावरून कशी उतरली ते मी बघितलं नाही, डोळे मिटून घेतले होते.

सिनी म्हणाली, "बाबीमावशी, सुटली आहे ना लोकर?"

"सुटली आहे, पण तू हिसकतेस. मूठ नको. बोटं. टोकाला धर. आता मागून घे. हां. देत नसेल तर जरा थांब आणि पुढे जा, तिथली नंतर देईल." मग ती गुडघ्यांवर बसली, आधी एक गुडघा, मग बऱ्याच वेळानं दुसरा. "तुझ्या आजीनं शिकवलं नाही?"

"आजी म्हणते, बघून शीक."

"हो. तिचं बघून मीसुद्धा एक गोष्ट शिकले."

दोघींनी मिळून पाऊण तास लावला. बाबीच्या बोटांना गाठी आल्या आहेत, पण ब्रॅनीनं शेवटी डोळे मिटून रवंथ सुरू केला, आणि मेंढी खोटी साक्ष देत नाही. पहिली बाजू बाबीनं केली. दुसरी सिनीनं एकटीनं केली, हळू, ओठ चावत, आणि रक्ताचा एक ठिपका आला नाही. कलम चार मी त्या दुसऱ्या बाजूसाठी लिहिलं आहे. गिडियननं विचारलं तर त्याला एवढंच वाचून दाखवावं.

मग बाबी उठली. सगळी लोकर तिनं आपल्या ॲप्रनमध्ये भरली आणि खिंडाराकडे चालायला लागली.

"मावशी! अहो, ती आजीची लोकर आहे!"

"आजीला सांग," बाबी मागे न बघता म्हणाली, आणि सांगताना आवाज खिडकीपर्यंत जाईल इतका चढवला, "वाऱ्यानं नेली."

मला हसू आलं. मोडलेल्या खुब्यानं हसू नये, फार दुखतं.

कलम ८. शाल. लोकर बाबीची, काम माझं. कापून वाटता येत नाही. म्हणून बाप्तिस्म्याची शाल मी बाबी पॉटिंजर हिला देते, आणि ती देताना भेट असा शब्द कोणी वापरू नये. सिनीला पुढे मूल झालं तर सिनीनं खिंडारातून जाऊन ती मागावी. बाबीनं शिव्या देऊन द्यावी. बाबी तोवर नसली तर तिच्या घरच्यांनी द्यावी, शिव्या वगळायच्या की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं. ब्रॅनीची लोकर बाबीकडेच राहील. ती परत मागणाऱ्याला माझ्या घरात सूप मिळणार नाही.

कलम ९. मृत्युपत्राची अंमलबजावणी गिडियननं करावी. तो नाराज होईल, आणि तरी सगळं चोख करेल. तसा मी त्याला वाढवला आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, तीन ठिकाणी शाई सांडली ती माझी. प्रत्येक पानाखाली सही केली आहे.

सही: आन्द्रिना इंकस्टर

साक्षीदार: लॉरी मॅन्सन, पोस्टमन. सही केली, हात ओले होते.
साक्षीदार: विल्मा रॅटर, नर्स. सही केली, रेडिओबद्दलचं वाचलेलं नाही.

ठिकाण: स्टिवलासेटर, येल बेट
दिनांक: १९ ऑक्टोबर १९८४

ताजा कलम. सह्या झाल्यावर लॉरी टोपी घालता घालता म्हणाला, "आन्द्रिनाकाकू, पण त्या पत्राचं काय?"

पत्र बाबीच्या नावानं आलं होतं, कारण कोशात माहिती देणारी म्हणून तिचं नाव आहे. तिनं ते उघडून वाचलं आणि लॉरीच्या हातून माझ्याकडे पाठवलं: वाक्य जिच्यामुळे झालं तिनं उत्तर द्यावं. मी परत पाठवलं: पाकिटावर नाव तुझं आहे. तिनं परत पाठवलं: आधी खरं काय ते लिहून दे. मग ते माझ्याकडेच राहिलं. लॉरी म्हणतो, "काकू, मी पोस्टमन आहे, कोकरू नाही. किती वेळा गडगा ओलांडू?"

एकदाच. हे कलम मी मरायची वाट न बघता आजपासून लागू आहे. मृत्युपत्राला असं करता येत नसेल तर कायद्यानं थोडा वेळ दुसरीकडे बघावं. लॉरीनं कलम सहा आणि सात सिनीकडून उतरवून घ्यावीत, कोशवाल्यांच्या पत्रासोबत आत्ता, चहा न पिता, पॉटिंजरांकडे न्यावीत आणि बाबीच्या हातात द्यावीत. तिला हवं होतं ते सहावं कलम आहे. सातवं तिला माहीतच आहे.

मी उत्तर लिहिणार नाही. आरोपीनं स्वतःची साक्ष लिहिली तर कोण छापेल? गिडियननं लिहू नये, त्याला मशीन सुचेल. सिनीनं लिहू नये, ती सभ्यपणे लिहील. या वर्षी आमच्याकडे कोणी कोणाची मेंढी रुवली आणि लोकर कोणाकडे गेली, ते एका वाक्यात, दोन 'ओ' काढून, दुसरा हवा तेवढा मोठा काढून, नोव्हेंबर संपायच्या आत लिहायचं आहे. उत्तर बाबीनंच द्यायचं.

आ. इं.